वाचकांचे प्रश्न : फवारलेले औषध जमिनीत किती काळ उरते?

प्रश्न : आम्ही आंब्याच्या मोहोरावर कीटकनाशक आणि सुपारीवर बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) फवारतो. त्यांचे अंश पावसाने नाहीसे होतात का? – एक बागायतदार, श्रीवर्धन

उत्तर : पाऊस अंश वाहून नेतो, पण विघटन मुख्यतः जिवाणू, पाणी आणि सूर्यप्रकाश करतात. क्लोरपायरिफॉससारखे कीटकनाशक काही आठवड्यांपासून काही महिन्यांत निम्म्यावर येते. मात्र त्याचे जलविघटन, म्हणजे पाण्यामुळे होणारे विघटन, आम्लधर्मी जमिनीत मंदावते, आणि कोकणातील जांभी जमीन आम्लधर्मीच असते. शिवाय मोहोराच्या काळात माती कोरडी असल्याने जिवाणूही सुस्त असतात. क्लोरपायरिफॉसच्या विघटनातून निर्माण होणारे ट्रायक्लोरोपिरिडिनॉल स्वतःच जिवाणूंना मारक असल्यामुळे पुढील विघटन रेंगाळू शकते.

बोर्डोची गोष्ट मला अधिक चिंतेची वाटते. त्यातील तांबे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होतच नाही. ते मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षे साचते आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू व गांडुळे यांना बाधते. कोळेरोगासाठी (सुपारीची फळे कुजवणाऱ्या रोगासाठी) फवारणी टाळता येणार नाही, हे मान्य. परंतु माती परीक्षणात तांबे तपासून घ्यावे. शेणखत तांब्याला बांधून ठेवते, तर चुना आम्लता कमी करून तांब्याची विद्राव्यता (पाण्यात विरघळण्याची क्षमता) घटवतो. चुन्याची मात्रा मात्र परीक्षणानुसारच ठरवावी.