एसएसएचमध्ये (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत) माझ्या प्रायव्हेट कीनेच सगळा डेटा एनक्रिप्ट होतो का?

नाही. तुमची की, म्हणजे तुमच्याजवळची गुप्त डिजिटल किल्ली, फक्त ओळख पटवते: तिने तुमचा संगणक एक सही करतो आणि सर्व्हर ती सही तुमच्या पब्लिक कीने, म्हणजे त्याच जोडीतल्या उघड कीने पडताळतो. प्रायव्हेट की मशीनबाहेर जातच नाही.

एनक्रिप्शन त्याआधीच सुरू झालेलं असतं. जोडणी होताच दोन्ही बाजू डिफी-हेलमन पद्धतीने एक गुपित संख्या तयार करतात. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की ती संख्या नेटवर्कवरून कधी पाठवलीच जात नाही. मधे बसून सगळं ऐकणाऱ्यालाही ती काढता येत नाही. तिच्यापासून त्या सत्रापुरत्या किल्ल्या बनतात आणि पुढचं सगळं एईएस किंवा चाचा२० या एनक्रिप्शन पद्धतीने झाकलं जातं. म्हणून पासवर्डने लॉगिन केलं तरी तो उघडा जात नाही. टेलनेट या जुन्या लॉगिन पद्धतीत तो उघडा जायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं.

खरी मेख पहिल्या जोडणीत आहे. सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्या कीची छोटी खूण, समोर येतो आणि बहुतेक जण न वाचताच ‘यस’ टाइप करतात. तसं करू नका. तो अ‍ॅडमिनकडून आधी मागून घ्या आणि ताडून पाहा. मधेच कुणी खोटा सर्व्हर उभा केला असेल तर तो इथेच पकडला जातो.