ब्रुनो घरच्यांनाच का चावतो?

प्रश्न : डॉक्टर, आमचा ब्रुनो सात वर्षांचा, लॅब आणि गावठी यांचे मिश्रण. पिल्लू असल्यापासून घरातच वाढला. यंदा पाऊस लागल्यापासून तो आम्हालाच चावतोय. आधी मुलाला, सोप्यावर निजलेल्या ब्रुनोच्या गळ्यात पडला तेव्हा. मग सासूबाईंना, देवघरापुढून पट्टा धरून ओढताना. गेल्या आठवड्यात आमच्या ह्यांना, डोक्यावरून हात फिरवताना; मनगटातून रक्त आले. पूर्वी तो गुरगुरायचा, तेव्हा हे वर्तमानपत्राची सुरळी मारायचे. आता गुरगुरतही नाही, थेट चावतो. दिवसभर डोके झटकत असतो, जेवतो मात्र नीट. त्याला लस दिलेली आहे म्हणून आम्ही कोणी इंजेक्शन घेतले नाही, हळद लावली. दीर म्हणतात, म्हापशाच्या बाजारात सोडून येऊ. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरेल. काय करू?
— एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, यजमानांना आजच आरोग्य केंद्रात पाठवा. मुलाच्या आणि सासूबाईंच्या जखमांबद्दलही तिथे सांगा. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, तेव्हापासून लोक निर्धास्त झालेत. मला त्याची फार काळजी वाटते. कुत्र्याला लस दिली असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय माणसाने आपली लस टाळू नये. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, लागू शकते. चावल्यापासून दहा दिवस ब्रुनो ठणठणीत राहिला, तर उरलेले डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. हळद, चुना काही लावायचे नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची.

आता ब्रुनोकडे वळते. गळा, पट्टा, डोके. तिन्ही वेळा हात कानाजवळ गेला, त्यात हे डोके झटकणे. लॅबचे लोंबते कान आपल्या पावसात सुकतच नाहीत, आत बुरशी आणि जंतू वाढतात, कधी गोचीड शिरते. मला दाट संशय कानाचा आहे. दात आणि मानही तपासायला हवी. नीट जेवतो म्हणजे दुखत नाही, असे समजू नका. कान ठणकत असतानाही कुत्री जेवतात.

गुरगुरून तो ‘हात काढ’ एवढेच सांगत होता. त्यावर मार बसला, म्हणून सांगणे बंद झाले. दुखणे तसेच राहिले. यापुढे गुरगुरला तर हात मागे घ्या आणि त्याला काय नको होते ते लक्षात ठेवा. सुरळी कायमची बंद.

कान बरा झाला की दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होईल, असे मी सांगणार नाही. हात आला की दुखते, हे त्याच्या डोक्यात बसलेय, ते जायला महिने लागू शकतात. तोवर पट्टा धरून ओढायचे नाही. लांबून हाक मारा, आला की खाऊ द्या. निजलेल्याला कोणी शिवायचे नाही. मूल आणि ब्रुनो एकटे एका खोलीत नकोत, अगदी पाच मिनिटेही.

चतुर्थीत त्याला पाहुण्यांत आणूच नका. मागची खोली, पंखा, पाणी, दाराला कडी. फटाक्यांना घाबरत असेल तर औषधाचे आधीच विचारून ठेवा. जाळीचे मुसके आतापासून सवयीचे करा : तोंड आत घातले की उकडलेल्या चिकनचा तुकडा. कापडाने तोंड करकचून बांधू नका, त्याला धापता येत नाही आणि अंग तापते.

दिरांना सांगा, पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय दुखऱ्या कानाचा ब्रुनो बाजारात दुसऱ्या कोणाच्या मुलाला चावेल. सगळे उपाय करूनही तुमच्या मुलाला धोका राहिला, तर पुढचा कठीण निर्णय आपण दवाखान्यात बसून, उघडपणे बोलून घेऊ. ती वेळ अजून आलेली नाही.

त्याला या आठवड्यातच जवळच्या पशुवैद्याकडे न्या. निघण्यापूर्वी फोन करा, भूल देऊन कान पाहावा लागला तर उपाशीपोटी आणायचे का ते विचारा. तोवर कानात तेल किंवा घरातले उरलेले थेंब घालू नका. पडदा फाटलेला असेल तर औषधानेच इजा होते.