कास्टिंग सिम्युलेशनसाठी डेस्कटॉप घेतोय. १६ कोअर आणि ३२ जीबीच्या चार रॅम घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत घरी बसून बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचं मॉडेलिंग आणि मेथडिंगचं (साच्यात धातू कुठून, कसा ओतायचा हे ठरवण्याचं) जॉबवर्क सुरू करायचंय, मॉनिटर सोडून बजेट दोन लाख, आणि दुकानदार म्हणतोय की १६ कोअरचा प्रोसेसर घ्या, ३२ जीबीच्या चार स्टिक लावून चारी स्लॉट भरा, मशीन पळतंय बघा.

चारी स्लॉट भरू नका. बाकीचं सावकाश सांगतो, हे आधी.

मी बेळगावात अनगोळला घराच्या माडीवर हेच काम करतो. २०२३ साली एएमडीचा १६ कोअरचा प्रोसेसर, रायझन ९ ७९५०एक्स घेतला, ६००० स्पीडच्या ३२ जीबीच्या दोन स्टिक लावल्या. झकास चाललं होतं. चार-पाच महिन्यांनी एका मोठ्या व्हॉल्व्ह बॉडीचं काम आलं, रॅम पुरेना, म्हणून तशाच आणखी दोन स्टिक आणून लावल्या. झालं! ६००० ला मशीन चालूच होईना. बायोसमध्ये दोन दिवस डोकं आपटून शेवटी ३६०० वर स्थिरावलं. मोठं काम मेमरीत बसलं खरं, पण रोजची छोटी कामं आधीपेक्षा रेंगाळायला लागली. रात्री जेवून लावलेला जॉब पहाटे उरकायचा, तो सकाळचा चहा झाला तरी चालूच.

यात दुकानदाराचा गैरसमज असा की स्लॉट चार म्हणजे रस्ते चार. तसं नसतं. या साध्या डेस्कटॉप बोर्डांवर चॅनेल दोनच असतात, एकेका चॅनेलवर दोन-दोन स्लॉट. चार स्टिक लावल्या की रुंदी वाढत नाही, उलट प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ओझं पडतं. एएमडीनेच रायझन ९००० मालिकेसाठी दिलेले आकडे बघा: दोन स्टिक असतील तर डीडीआर५-५६००, चार असतील तर ३६००. ६००० वर दोन चॅनेलमधून सेकंदाला ९६ जीबी जाऊ शकतात, ३६०० वर ५७.६. सॉल्व्हर, म्हणजे सिम्युलेशन सोडवणारा प्रोग्राम, बहुतेक वेळ गणित करत नसतो, मेमरीतून आकडे येण्याची वाट बघत असतो. त्यामुळे हा फरक थेट घड्याळात दिसतो.

म्हणून दोनच स्टिक, पण मोठ्या. ४८ जीबीच्या दोन घेतल्या की ९६ होतात. ६४ जीबीच्याही आता मिळतात, दोनात १२८. स्पीड ६०००, आणि लेबलावर सीएल३० दिसली तर उत्तम (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा उशीर). सीएल३६ ला थोडा उशीर लागतो (१० नॅनोसेकंदाऐवजी १२), पण सीएल३० साठी फार जादा पैसे मागत असतील तर सोडून द्या. आरजीबी दिवेवाल्या स्टिकबद्दल मी काही बोलत नाही. स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा.

९६ की १२८, हे दुकानात ठरवायचं नाही, मेशवर ठरवायचं. मेश म्हणजे सॉफ्टवेअर कास्टिंगचे जे बारीक तुकडे (एलिमेंट) पाडतं त्यांची जाळी. एलिमेंट ४ मिमीचा २ मिमी केला की लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे दुप्पट, म्हणजे एलिमेंट आठपट आणि मेमरीही साधारण तेवढीच. ६ मिमीच्या भिंतीत निदान तीन एलिमेंट तरी हवेतच, म्हणजे २ मिमी आलाच. पण म्हणून मोल्डच्या वाळूलाही २ मिमीचा मेश कशाला? सॉफ्टवेअर परवानगी देत असेल तर वाळूला जाड ठेवा, भाग दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर अर्धाच सोडवा. नवीन मुलं हे करत नाहीत आणि रॅमला शिव्या देतात. घेण्याआधी ओळखीच्या कुणाच्या मशीनवर तुमचं सगळ्यात मोठं कास्टिंग एकदा चालवून बघा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखालचा ‘कमिटेड’ आकडा कुठवर चढतो ते टिपून ठेवा. त्याच्या दीडपट रॅम घ्या. रॅम संपली की विंडोज एसएसडीवर उसनवारी करतं, आणि मग प्रोसेसर कितीही दांडगा असो, पाच टक्क्यांवर पेंगत बसतो.

आता प्रोसेसर. आधी लायसन्स काढून वाचा. कितीतरी सॉल्व्हर चारच कोअर वापरू देतात, जास्तीला वेगळे पैसे. माझ्या पहिल्या वर्षी सोळापैकी बारा कोअर निव्वळ शोभेला होते, आणि हे मला कुणी सांगितलं नाही, टास्क मॅनेजरने सांगितलं. मॉडेल रीबिल्ड (काही बदललं की मॉडेल पुन्हा बनणं) तर मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. तिथे १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि बारा कोअरचा ९९००एक्स ५.६ पर्यंत. फरक मला तरी हाताला लागत नाही. शिवाय एकाची वीज १७० वॉट रेटिंगची, दुसऱ्याची १२०. मी तुमच्या जागी असतो तर ९९००एक्स घेऊन उरलेले पैसे रॅममध्ये घातले असते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की ते पैसे लागणारच.

इंटेल वाईट नाही. कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्ये २४ कोअर आहेत, पण त्यातले ८ मोठे आणि १६ छोटे. सॉल्व्हरने काम सारखं वाटून दिलं तर मोठे कोअर आपलं उरकून छोट्यांची वाट बघत बसतात. एकाच जातीचे कोअर मला बरे वाटतात, एवढंच. मात्र जुना तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय९ कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. त्यातल्या जादा व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, पण आधीच बिघडलेली चिप त्याने सुधारत नाही. नावात एक्सथ्रीडी असलेले प्रोसेसर प्रामुख्याने गेमवाल्यांसाठी. एएमडीच्याच थ्रेडरिपर या मोठ्या वर्कस्टेशन प्रोसेसरला चार चॅनेल मिळतात, पण त्याचा बोर्ड आणि रजिस्टर्ड रॅम तुमच्या दोन लाखांत बसत नाही.

आपल्या सीमाभागातली एक गोष्ट. निपाणीहून तुम्हाला कोल्हापूर जवळ, तिकडेच जाल. तुमचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होणारा, कर्नाटकाचा. बिलावर तो घालून आयजीएसटीच (दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी) लावून घ्या. काउंटरवरच्या घाईत महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लावला तर १८ टक्क्यांचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. माझं एकदा असंच गेलंय.

यूपीएस घ्या, पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा. आणि फाउंड्रीत मशीन नेऊन ठेवायची वेळ आली तर कॅबिनेटला जाळी हवीच, ती काळी धूळ सगळीकडे शिरते.

शेवटचं म्हणजे, जोडून पहिल्यांदा चालू केलंत की काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील. पंखे फिरतील, दिसणार काही नाही. डीडीआर५ ची मेमरी ट्रेनिंग चालू असते, जितकी रॅम जास्त तितका वेळ जास्त. बटणाला हात लावू नका. मी घाबरून तीनदा बंद केलं होतं, आणि तिन्ही वेळा ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू झालं.