कुठल्या मशीनवर खेळलीस?

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. राग सगळाच तुझ्यावर नाही, पण थोडा आहे.

तू लिहितेस की जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर, तो गेम तू बावीस तास खेळलीस. मोठ्या शहरात शिरलं की चित्र अडखळतं, दोनदा तर खेळता खेळता गेम बंद पडून थेट होम स्क्रीन आली. म्हणून दहापैकी सहा दिलेस. मग बाकीच्यांचे रिव्ह्यू आले: नऊ, नऊ, साडेआठ, एक दहासुद्धा. संपादक म्हणाले, ‘साडेसात करून टाक, सगळ्या कन्सोलना मिळून चालून जाईल.’ आणि तू मला विचारतेस, ‘माझंच काही चुकतंय का?’

अगं, नऊ देणारे कुठल्या मशीनवर खेळले? एवढंच विचारायचं होतंस. ते राहिलं बाजूला आणि स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस. ते सगळे रिव्ह्यू पुन्हा उघड आणि तळाची बारीक अक्षरं वाच. पैजेवर सांगतो, निम्म्याहून जास्त लोक नव्या कन्सोलवर नाहीतर तगड्या पीसीवर खेळलेले निघतील. ते खोटं बोलत नाहीयेत आणि तूही नाहीस. नाव एकच असलं तरी तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलताय.

खोटा आहे तो साडेसात. नव्या मशीनवाल्याला नऊचा गेम मिळाला, जुन्यावाल्याला सहाचा. साडेसातचा गेम कुणाच्याच घरात नाही, मग तो आकडा छापायचा कुणासाठी?

जे मशीन हातात होतं, त्याचंच बोलायचं. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

तुमच्या पिढीला वाटतं की सगळी मशीन आता सारखीच झाली, फरक असला तर चित्राच्या धारदारपणाचा. आम्हाला तसं वाटायची सोयच नव्हती. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरच्या कन्सोलवर आला, तेव्हा सेगाच्या जेनेसिसवर एक कोड दाबला की लाल रक्त उडायचं आणि सुपर निन्टेंडोवर त्याच ठोशाला राखाडी घाम. चित्र आणि आवाज सुपर निन्टेंडोवर सरस होते, पण पोरांना हवं होतं रक्त. आता याला एकच स्कोअर कसा द्यायचा? त्या काळी चांगली मासिकं दोन्हींचं वेगळं परीक्षण छापायची, आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नसे.

जपानच्या ‘फामित्सू’ मासिकाची पद्धत तुला ठाऊक असेल: चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा, एकूण चाळीस. २००९ मध्ये ‘बेयोनेटा’ आला. एक्सबॉक्स ३६० ची आवृत्ती मूळ स्टुडिओने केलेली, प्लेस्टेशन ३ ची प्रकाशक कंपनीने त्यावरून उतरवलेली. पीएस३ वर लोडिंग लांब आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग, ढेपाळायचा. फामित्सूने ३६० ला चाळीसपैकी चाळीस दिले, पीएस३ ला अडतीस. फामित्सूच्या उदार गुणांवर मी आयुष्यभर कुरकुर केली आहे, पण त्या दोन गुणांसाठी त्यांना माझा सलाम. दोन मशीन, दोन आकडे. एकोणचाळीस नाही केले त्यांनी.

आता माझं ऐक. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

एका मोठ्या गेमची कॉपी माझ्याकडे आली होती, एकाच कन्सोलची. परीक्षणाच्या चौकटीत मात्र दोन्ही कन्सोलची नावं छापायची होती. मी नऊ दिले आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य टाकलं: ‘दोन्ही आवृत्त्या जवळपास सारख्याच आहेत.’ तो ‘जवळपास’ कशाच्या जोरावर लिहिला असेल मी? कंपनीच्या पत्रकाच्या. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यालो आणि वर चव सांगितली.

दोन महिन्यांनी एका वाचकाचं पत्र आलं. अक्षरावरून पंधरा-सोळा वर्षांचा असावा. त्याच्या कन्सोलवर तीस-एक तासांनंतर गेम इतका रखडायचा की तलवार उपसायचं बटण दाबलं तर ती निघेपर्यंत समोरच्याचे दोन वार होऊन जायचे. शिवीगाळ नव्हती, तक्रारही नव्हती म्हणावी तर. शेवटी एकच ओळ: ‘तुम्ही कुठल्या मशीनवर खेळला होतात?’ मी तीनदा उत्तर लिहायला बसलो. तिन्ही वेळा पहिल्याच वाक्यात ‘वेळ कमी होता’ आलं आणि कागद फाडला. वेळ कमी होता हे खरंच आहे, पण ते त्याला सांगून काय उपयोग? त्याला मी कधीच उत्तर पाठवलं नाही, त्याची रुखरुख अजून आहे.

माझीच चूक होती असंही समजू नकोस. (बघ, लागलो स्वतःची वकिली करायला.) २०११ चा ‘स्कायरिम’ घे. बहुतेक समीक्षकांनी तो ३६० वर खेळला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर ३६० चा आकडा ९६, पीएस३ चा ९२. चारच गुणांचा फरक, कुणाला काय वाटणार? पण पीएस३ वर खेळ जसजसा लांबत जाई तशी सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला त्याची साठवलेली नोंद) फुगत जाई, आणि पुढे पुढे गेम गोगलगायीसारखा सरकायचा. ३६० मध्ये ५१२ एमबी मेमरी एकत्र होती. पीएस३ मध्ये तेवढीच, पण २५६-२५६ अशा दोन कप्प्यांत, आणि एका कप्प्यातली जागा दुसऱ्याच्या कामाला सहजासहजी येत नसे. पहिल्या दहा तासांत हे दिसणारच नव्हतं. म्हणून नुसतं मशीनचं नाव लिहून भागत नाही, तासही लिहायचे. पंधरा तास खेळली असशील तर पंधराच लिही. सोळाव्या तासाची हमी तू कशाला घेतेस?

आणि ‘सायबरपंक २०७७’ तुझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे, ते मी नव्याने काय सांगू. १० डिसेंबर २०२० ला गेम येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती दिली होती, आणि व्हिडिओत स्वतःचं चित्रण वापरायलाही मनाई होती. आधीचे सगळे नऊ-दहा त्या पीसीवरचे. आजही मेटाक्रिटिकवर पीसीला ८६ आहेत आणि पीएस४ ला ५७. एकोणतीस गुणांची दरी! आठवड्याभरात सोनीने आपल्या डिजिटल दुकानातून गेम काढून टाकला, तो परतला जून २०२१ मध्ये. पण त्या पीसीवाल्या समीक्षकांपैकी कितीजणांनी पहिल्याच ओळीत ठळक लिहिलं होतं की कन्सोलवर आम्ही हा गेम पाहिलेलाच नाही? काहींनी लिहिलं होतं, आणि त्यांचे रिव्ह्यू आजही मान वर करून वाचता येतात. उलटंही होतं हे लक्षात ठेव. २०१५ चा ‘बॅटमॅन: आर्खम नाइट’ कन्सोलवर कौतुकाचा धनी झाला आणि पीसीवर इतका फाटका निघाला की काही दिवसांतच तिथली विक्री थांबवावी लागली. म्हणजे महागडं मशीन घेतलं की सत्य कळतं असंही नाही. जे मशीन हातात आहे, तेवढंच कळतं.

तुझा दुसरा मुद्दा मला अजिबात पटला नाही. ‘एका माझ्या सहाने त्या टीमचं नुकसान झालं तर?’ तू ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’चं उदाहरण दिलं आहेस. बरोबर आहे, मेटाक्रिटिकवर ८५ झाले असते तर स्टुडिओला बोनस होता, आणि झाले ८४. ऐकून आजही पोटात कालवतं. पण ती अट करारात कुणी घातली? तू नाही, मी नाही. आपण सरासरीत मावावं म्हणून गुण द्यायला लागलो, तर सरासरीला तरी काय अर्थ उरतो? मेटाक्रिटिक कुणाच्या मताला किती वजन देतं ते सांगतही नाही. ओपनक्रिटिक ही तसलीच दुसरी साइट तर सगळ्या कन्सोलचं मिळून एकच गणित मांडतं, सब घोडे बारा टक्के. तिथे तुझा सहा बुडून जाईल, जाऊ दे. तुझ्या लेखात तो सहाच राहिला पाहिजे, आणि कुठल्या मशीनचा सहा ते त्याच्या शेजारीच.

आकडाच नको, नुसता लेख देते, असं तू शेवटी म्हटलं आहेस. ती पळवाट आहे. युरोगेमर या गेमच्या साइटने २०१५ मध्ये आकडे बंद केले आणि २०२३ मध्ये तारे आणले. दोन्ही निर्णयांमागे विचार होता, त्यावर वाद नको. पण तुझा गोंधळ आकड्याचा नाहीच. आकडा काढलास तरी ‘गेम मधूनमधून थोडा अडखळतो’ असं गुळमुळीत वाक्य लिहून तू तोच साडेसात शब्दांत देशील. ओळखतो मी ते वाक्य. मीच लिहायचो.

माझा स्तंभ का बंद झाला ते तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलं असेल. खरं एवढंच, की न खेळलेल्या आवृत्तीला गुण द्यायला मी नाही म्हटलं. ‘एका ओळीचा प्रश्न आहे,’ असं मला सांगण्यात आलं. एका ओळीचाच होता. त्या पोराचं पत्रही एका ओळीचंच होतं. मला जरा नमतं घेता आलं असतं, चौकटीत ‘या आवृत्तीचं परीक्षण पुढच्या अंकात’ असं छापून मार्ग निघाला असता, हे मला सुचलं ते चार वर्षांनी. त्या दिवशी मी दार आपटून बाहेर पडलो. त्यामुळे हट्ट माझ्याकडून घे, दार आपटणं घेऊ नकोस. संपादकांना ती पुढच्या अंकाची चौकट सुचवून बघ. मानतीलही.

आता कामाचं. एक वही कर, फाइल नको, वहीच. मी अजून वहीच वापरतो, कारण खेळता खेळता मांडीवर राहते. पानाच्या डोक्यावर कन्सोलचं पूर्ण नाव आणि मॉडेल, गेमची आवृत्ती कितवी, पॅच (कंपनीने मागाहून पाठवलेली दुरुस्ती) कुठल्या तारखेचा. पहिल्या दिवशीचा पॅच येण्याआधीचं खेळणं आणि नंतरचं, मध्ये रेघ. मग डावीकडे तास, उजवीकडे काय झालं: ‘तास ९, बाजारात शिरल्यावर अडखळला, घोड्यावरून जास्त, पायी कमी.’ घोड्यावरून का जास्त, तर वेगाने जाताना पुढचं जग तितक्याच वेगाने डिस्कवरून उचलून आणावं लागतं. हे वाचकाला सांग. ‘तांत्रिक त्रुटी आहेत’ यापेक्षा त्याला त्यातून कितीतरी जास्त कळतं. आणि सेव्ह फाइलचा आकार दर पाच तासांनी लिहून ठेव.

तू दोनदा गेम बंद पडल्याचं लिहिलंस, पण कितव्या तासाला ते लिहिलं नाहीस. दोन्ही वेळा त्याच चौकात का? त्या वेळी मागे डाउनलोड चालू होतं का? रिव्ह्यू पाठवण्याआधी आज रात्री तिथे परत जा, जुनी सेव्ह उघड, आणि काय झालं ते मला कळव. सकाळी मी जागाच असतो.