एलन बोल्ट मागताना कीचा नंबर सांगू नका

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या मशीनच्या मोटर ब्रॅकेटचा एक एलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाचेचा) हरवला, बाकीच्यांना ६ ची एलन की लागते म्हणून दुकानात ६ चा बोल्ट मागितला, तर त्याने एम ६ दिला आणि तो भोकात नुसताच फिरतोय. शिवाय बटण हेड (घुमटासारख्या पातळ डोक्याचा), सीएसके (काउंटरसंक, डोकं भोकात बुडणारा), ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा) यातलं कुठे काय लावायचं तेही सांगा.

उत्तर : दुकानदाराचं काही चुकलेलं नाही हो, बोल्टची साइज म्हणजे आट्यांचा व्यास (एम ६ म्हणजे ६ मिमी), कीची साइज वेगळी. साध्या गोल उंच डोक्याच्या एम ६ ला ५ ची की लागते आणि एम ८ ला ६ ची, पण तोच एम ८ बटण हेड किंवा सीएसके घेतला तर ५ ची आणि ग्रब स्क्रू असला तर ४ ची! म्हणून मागताना आटे, डोक्याचा प्रकार आणि लांबी सांगायची.

तुम्हाला बहुतेक एम ८ च लागेल, पण मशीन जुनं आहे म्हणताय तर आधी एक बघा, ६ ची की सॉकेटमध्ये, म्हणजे डोक्यातल्या खाचेत, गच्च बसते का खुळखुळते? खुळखुळत असेल तर तो ५/१६ इंची असू शकतो, त्याला पाव इंची म्हणजे ६.३५ मिमीची की लागते, ६ च्या कीने जोर लावला की सॉकेट गोल झालंच म्हणून समजा. व्हर्नियरने हे दोन्ही बोल्ट जवळपास सारखेच भरतात त्यामुळे पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी) लावूनच बघा, एम ८ चा पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी आणि ५/१६ यूएनसीला (इंची जाड आटे) इंचात १८ आटे. दोन आट्यांनंतर बोल्ट जड जायला लागला तर अजिबात रेटू नका.

मोटर ब्रॅकेटला उंच डोक्याचाच घ्या, डोक्यावर १२.९ हा ताकदीचा ग्रेड लिहिलेला. स्टेनलेसचा चकचकीत दिसतो पण नेहमीचा ए२-७० ग्रेडचा ताकदीत बराच कमी असतो, गंजाचा त्रास असेल तिथेच तो ठीक. बटण हेड दिसायला छान पण डोकं पातळ आणि की लहान, त्यामुळे गार्ड, कव्हर यांनाच, लोड येतो तिथे माझ्या मते लावूच नये. पृष्ठभाग सपाट हवा तिथे सीएसके, फक्त त्याची लांबी डोक्यासकट मोजतात, बाकीच्यांची डोक्याखालून. ग्रब स्क्रूला डोकंच नसतं, तो पुली शाफ्टवर धरायला, आणि शाफ्टवर जिथे टेकतो तिथे थोडं फ्लॅट घासून घ्या, नाहीतर ओरखडा उठून पुली काढताना अडकते.