तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: माडीवर वायफाय पोचेना, भिंतीतली जुनी केबल कामाला येईल काय?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आमचं घर जुनं आहे, सोपा, माजघर, स्वयंपाकघर असं एकामागं एक आणि वर माडी. फायबरचा डबा सोप्यात. मुलगा माडीवर बसून कंपनीचं काम करतोय, मीटिंग सारखी अडकूलालीय म्हणून घरभर एकच वायफाय पसरवणारं दोन डब्यांचं मेश आणलं, तरी शंभर एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये वर पंधरा-वीसच मिळतंय. केबल टीव्हीची जुनी वायर सोप्यातनं माडीपर्यंत गेलेली आहे, आता टीव्ही नेटवरच बघतो. त्या वायरीतनं नेट नेता येतं म्हणतात, खरं आहे काय?

उत्तर: खरं आहे, आणि तुमच्या घराला ते छान बसेल. पण काका, आधी मेश कुठं अडतंय ते बघूया, कारण पैसे घालायच्या आधी फुकटात होण्यासारखं काही असेल तर ते करून घ्यायचं. मेशचे दोन डबे एकमेकांशी हवेतनंच बोलतात. माडीवरच्या डब्याला सोप्यातनं जेवढं मिळालं तेवढंच तो पुढं देणार, टाकीत पाणी नसताना वर नवा नळ बसवून धार वाढत नाही तसंच हे. त्यात डबा दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा) असला की ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ मुलाच्या लॅपटॉपशीही बोलतो आणि खालच्या डब्याशीही, म्हणजे स्पीड जवळजवळ निम्मा तिथंच जातो. आणि ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीतनं पार होता होता दमतं, मग डबे २.४ वर येतात, ते लांब जातं पण हळू असतं आणि शेजारच्या सगळ्या घरांचं वायफाय त्याच पट्ट्यात गर्दी करून असतं. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि मीटिंग मात्र अडकते ती यामुळं, काड्या फक्त जवळच्या डब्यापर्यंतचं सांगतात, त्याच्या मागं काय आहे ते नाही.

म्हणून दुसरा डबा जिथं रेंज अजिबात नाही तिथं ठेवायचा नाही, रेंज अजून बरी आहे अशा ठिकाणी, जिन्याच्या तोंडाशी वगैरे ठेवून बघा. तेवढ्यानं भागलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

नाही भागलं तर वायर. केबल टीव्हीच्या या गोल वायरीला कोॲक्स म्हणतात, आणि तिच्यावरनं नेट नेणाऱ्या तंत्राला मोका (MoCA) म्हणतात. दोन अडॅप्टर लागतात, एक सोप्यातल्या मेशच्या डब्याच्या लॅन पोर्टला (नेटची वायर लावायचं भोक) आणि एक माडीवर मेशच्या डब्याला, मधे तुमची जुनी वायर. मोका २.५ जातीची जोडी घ्यायची, कागदोपत्री ती २.५ गिगाबिटपर्यंत जाते, तुमच्या शंभरच्या प्लॅनला उदंड झालं. अडॅप्टरमुळं चार-पाच मिलिसेकंदांचा उशीर वाढतो, तो मीटिंगमध्ये जाणवत नाही. मग मेशचे दोन्ही डबे वायरीवरनं बोलतात आणि रेडिओ सगळाच्या सगळा लॅपटॉप-मोबाइलसाठी मोकळा राहतो.

आता मुख्य काम, वायर तपासायचं. मोका साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. केबल टीव्ही त्याच्या खाली, हजारच्या आत असतो, त्यामुळं दोघांचं भांडण नाही, पण जुने स्प्लिटर (एका वायरीच्या दोन-तीन करणारे जोड) फक्त हजारपर्यंतचे असतात, त्यांच्यावर ५-१००० असं छापलेलं असतं. त्यातनं मोका नीट जात नाही. तुम्ही टीव्ही केबलवर बघत नाही ना, मग स्प्लिटर काढूनच टाका आणि दोन टोकं साध्या जॉइनरनं जोडा. वाटेत कुठं सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर बसवलेला असला तर तोही काढा. आणि घरात येणारी ऑपरेटरची वायर आतल्या वायरीपासून पूर्ण सोडवून ठेवा, हे विसरू नका, नाहीतर तुमच्या घरातलं नेटवर्क त्या वायरीवरनं गल्लीत जाईल. ज्यांच्याकडं केबल टीव्ही अजून चालू आहे त्यांनी वायर घरात शिरते तिथं मोकाचा सिग्नल बाहेर जाऊ न देणारा फिल्टर लावायचा, आणि स्प्लिटर १६७५ पर्यंतचा घ्यायचा.

वायरीवर आरजी ६ (कोॲक्सचा एक प्रकार) असं छापलंय का बघा. मग दोन्ही टोकं मोकळी करून एका टोकाला मधली तार आणि जाळी एकमेकांना टेकवा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा, बीप आला तर वायर आतनं अखंड आहे, आणि पहिलं टोक सोडवल्यावर बीप बंद व्हायला पाहिजे, नाही झाला तर मधे कुठंतरी शॉर्ट आहे. आपल्याकडच्या पावसात जुने कनेक्टर हिरवे पडलेले असतात, ते कापून नवे एफ कनेक्टर (कोॲक्सच्या टोकाला लावतात ते) दाबून बसवून घ्या, केबलवाला पोरगा पाच मिनिटांत करून देतो.

अडचण एकच, हे अडॅप्टर आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात आणि महाग पडतात. स्वस्तात एका बाजूला एफ आणि दुसऱ्या बाजूला लॅनचं भोक असलेला छोटा जोड मिळतो, तो घेऊ नका, त्याच्यात सर्किटच नसतं, नेट जाणार नाही. म्हणून मागवायच्या आधी आणखी एक बघा, वायर पाइपातनं गेलीय की भिंतीवर चुका मारून. पाइपात असेल आणि एका टोकाला हळू ओढल्यावर दुसऱ्या टोकाला हलत असेल तर तिलाच कॅट ६ (नेटची तांब्याची लॅन वायर) घट्ट बांधून ओढून घ्या, सोबत एक दोरीही सोडा, पुढं कामाला येते. कॅट ६ आरजी ६ पेक्षा जाड नसते, सहसा निघते. मग अडॅप्टर नको, काही नको, शंभर मीटरपर्यंत गिगाबिट. फक्त पूर्ण तांब्याची मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर गळ्यात मारतात. लाइटच्या पाइपातनं मात्र ओढू नका. मला विचाराल तर हाच पहिला पर्याय, मोका दुसरा.

प्रश्न (खानापूर तालुका): आमच्याकडं डिश टीव्हीची छत्री आहे, तिची वायर हॉलमधनं मागच्या खोलीत जाते. त्याच वायरीत मोका चालेल का? घर जांभ्या दगडाचं, वर कौलं.

उत्तर: डिश चालू असताना नाही, ताई. छत्रीवरनं सेट टॉप बॉक्सकडं येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे मोकाच्या नेमका अंगावर. शिवाय बॉक्स त्याच वायरीतनं छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. दोन्ही एका वायरीत घातलं तर टीव्हीही बंद पडेल आणि नेटही. डिश बंद केली असेल आणि वायर दोन्हीकडनं मोकळी असेल तर खुशाल वापरा.

पण तुमच्या घराला कदाचित वायरच लागणार नाही. जांभ्याची दीड-दोन फुटी भिंत वायफायला फार जड जाते, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी, पण कौलारू घरात बऱ्याचदा आतल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात. राऊटर टेबलावरनं उचलून माळ्यावर, भिंतीच्या माथ्याच्या वर ठेवा, म्हणजे लहरी भिंत फोडण्याऐवजी भिंतीवरनं जातील. वर स्लॅब असलेल्यांना ही सोय नाही. कौलं गळत नाहीत ना तेवढं बघून ठेवा.

प्रश्न (निपाणी): आमची आणि धाकट्या भावाची घरं समोरासमोर, मधे अंगण. एकच कनेक्शन दोघांत वापरतोय. वरनं कॅट ६ टाकली तर?

उत्तर: तांब्याची वायर उघड्यावरनं टाकू नका ओ दादा, हे मी अगदी मनापासून सांगतो. एप्रिल-मेमधला आपल्याकडचा वळीव गडगडाट घेऊनच येतो, वीज जवळपास कुठं पडली तरी तशा वायरीत झटका येतो आणि दोन्ही घरचे राऊटर, टीव्ही जातात. दोन घरांची अर्थिंग वेगळी असते, तोही एक त्रास. अंगणातनं फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (फायबर लॅन वायरीला जोडणाऱ्या छोट्या डब्यांची) जोडी लावा. काचेच्या तारेतनं वीज येत नाही. फक्त फायबरच्या आधाराला लोखंडी तार असते, ती दोन्ही घरांच्या बाहेरच संपवायची, आत डब्यापर्यंत आणायची नाही. फायबर जोडणाऱ्याकडनं दोन टोकांना तयार कनेक्टर लावून घेतले की झालं.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): मेश लावल्यापासून प्रिंटर सापडत नाही, मुलाचा ऑनलाइन गेमही तक्रार करतो. नेटच्या कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करू का?

उत्तर: ते कराच, पण खरं कारण वेगळं असणार. कंपनीचा डबा पण राऊटर आणि मेश पण राऊटर, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं झालीत, प्रिंटर एकात आणि तुम्ही दुसऱ्यात. मेशच्या ॲपमध्ये जाऊन ॲक्सेस पॉइंट मोड लावा, म्हणजे राऊटरचं काम कंपनीचा डबाच करेल. किंवा कंपनीला फोन करून त्यांचा डबा ब्रिज मोडवर करून घ्या, म्हणजे राऊटरचं काम मेश करेल. दोन्ही एकदम करू नका, मग राऊटरच उरणार नाही. आणि प्रिंटर मेशच्या नावावर पुन्हा जोडून घ्या, तो आपोआप येत नाही.