आखेनला निघण्याआधी: खोली, आनमेल्डुंग, पैसे, काम आणि परीक्षा

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत: ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या आखेनला मास्टर्स सुरू होतंय, व्हिसा आलाय, पण राहायला खोली नाही, तर आधी काय करायचं? ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला येणारे ९९२ युरो पुरतात का? आणि गेल्या गेल्या पार्टटाइम काम धरावं का? सगळ्यांची उत्तरं देतो. परीक्षेबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण तेही सांगतो, कारण आपल्या मुलांचं सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं.

आधी खोली. जर्मनीत तुमचे सगळे कागद पत्त्याच्या नोंदणीवर, म्हणजे आनमेल्डुंगवर अवलंबून असतात. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. तिच्याशिवाय कर क्रमांक येत नाही, राहण्याच्या परवान्याचं काम पुढे सरकत नाही आणि काही बँका खातंही उघडत नाहीत. म्हणून खोलीची चौकशी करताना भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे ‘इथे आनमेल्डुंग करता येईल का?’ उत्तर ‘नाही’ किंवा ‘बघू’ असेल, तर ती खोली पहिल्या एकदोन आठवड्यांचा मुक्काम म्हणून ठीक, त्यापुढे नाही.

आनमेल्डुंगला भाडेकरार पुरत नाही. घरमालकानं सही केलेला वेगळा एकपानी फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. त्यावर घरमालकाचं नाव-पत्ता, घराचा पूर्ण पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्यांची नावं असतात. घराचा मूळ मालक वेगळा असेल तर त्याचंही नाव. तारखेच्या रकान्यात करार केल्याची नव्हे, प्रत्यक्ष राहायला आल्याची तारीख हवी. तुमचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, कुठे आडनाव आधी लिहितात, आणि एकदा सरकारी नोंदीत चुकीचं नाव गेलं की ते पुढे विमा, बँक, परवाना सगळीकडे चुकत जातं. हा फॉर्म देणं घरमालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देणारे’ लोकही भेटतील. प्रत्यक्ष राहत नसलेल्या जागेची खोटी नोंदणी करणं बेकायदा आहे आणि त्याचा दंड मोठा आहे. तिकडे वळूच नका.

नोंदणी कार्यालयाची अपॉइंटमेंट सप्टेंबर-ऑक्टोबरात लवकर मिळत नाही. विमानाचं तिकीट आणि पत्ता नक्की झाला की भारतातूनच बुक करून टाका. दोन आठवड्यांतली तारीख मिळालीच नाही, तर बुकिंगचा ईमेल जपून ठेवा. मुदतीत प्रयत्न केला होता याचा तो पुरावा. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती मुलांनी इथे माहिती घेऊनच काय ते लिहावं, कारण कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद झाली की पुढे नोकरी लागल्यावर आयकराच्या ८ ते ९ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो.

आखेनपुरती एक खास सूचना. शहराच्या पश्चिमेला लागूनच नेदरलँड्समधलं फाल्स गाव आहे. आखेनहून बस जाते, खोल्याही दिसतात, त्यामुळे मोह होतो. युरोपीय संघातले विद्यार्थी तिथे राहतात, पण तुमचा व्हिसा जर्मनीत राहण्याचा आहे. फाल्समध्ये राहिलात तर जर्मन आनमेल्डुंग होणार नाही आणि जर्मन परवान्यावर नेदरलँड्समध्ये वास्तव्यही करता येत नाही. त्यापेक्षा हर्त्सोगेनराथ, श्टोलबर्ग, एश्वाइलर, फार तर ड्यूरेन बघा. सगळीकडून रेल्वे आहे.

श्टुडिएरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहाचा अर्ज आजच करा. यादी लांब असते, पण नाव लावलेलं असलं तर पुढच्या सत्रात तरी नंबर लागतो. तोवर डब्ल्यूजी, म्हणजे सामायिक फ्लॅटमधली खोली, किंवा कुणी इंटर्नशिपला गेल्यामुळे काही महिन्यांसाठी रिकामी झालेली त्स्विशेनमीटेची खोली शोधा. डब्ल्यूजीत खोली कुणाला द्यायची हे सहसा तिथे राहणारी मुलंच ठरवतात. त्यामुळे ‘डियर सर, आय अ‍ॅम इंटरेस्टेड’ अशा एका ओळीला उत्तर येत नाही. काय शिकणार, कधीपासून कधीपर्यंत हवी, स्वयंपाक करता का, व्हिडिओ कॉलवर कधी बोलता येईल, एवढं सहा-सात ओळींत, जमल्यास जर्मनमध्ये लिहा. जाहिरातीतलं निदान एखादं वाक्य वाचलंय हे त्यातून दिसू द्या.

फसवणूक ओळखणं कठीण नाही, कारण पद्धत ठरलेली असते. शहराच्या मध्यभागी सुंदर फ्लॅट, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, मालक ‘सध्या परदेशात’, किल्ली कुरिअरनं येणार, आणि त्याआधी अनामत भरायची. सोबत विश्वास बसावा म्हणून कुणाच्या तरी पासपोर्टचा फोटो. खोली बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. स्वतः जाता येत नसेल तर तिथल्या भारतीय विद्यार्थी संघटनेतल्या किंवा मराठी मंडळातल्या कुणाला तरी प्रत्यक्ष जाऊन बघायची विनंती करा. अर्धा तास काढून जाणारं कुणी ना कुणी भेटतं. व्हिडिओ कॉलवर मालकाला खिडकीबाहेरचा रस्ता दाखवायला सांगा. खोटा माणूस तिथेच कारणं द्यायला लागतो.

करार वाचताना काल्टमीटे आणि वार्ममीटे वेगळे बघा. पहिलं नुसतं भाडं, दुसऱ्यात हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं. वीज आणि इंटरनेट त्यात आहे का, हे वेगळं विचारा. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी असू शकते आणि ती तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. किल्ली घेताना भिंतींवरचे डाग, जमिनीवरचे ओरखडे, ओव्हन, नळ सगळ्याचे फोटो काढा आणि ताब्याच्या यादीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर आधीच्या माणसानं पाडलेल्या डागाचे पैसे तुमच्या अनामतीतून जातात.

आनमेल्डुंग झाली की दोन ते चार आठवड्यांत ११ आकडी कर क्रमांक पोस्टानं येतो. इथे अनेकांचं अडतं ते साध्या गोष्टीवर: टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन हे सगळं टपालानंच येतं. म्हणून खोलीत सामान ठेवलं की त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लावा, निदान कागदाची पट्टी चिकटवून.

आरोग्य विम्याचं इथूनच ठरवा. वय ३०च्या आत असेल तर सरकारी योजनेचा विद्यार्थी दर मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५५ युरो. स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेऊन सरकारी योजनेतून सूट घेतलीत, तर शिक्षण संपेपर्यंत परत आत येता येत नाही. या निर्णयाची घाई करू नका. विमा कंपनी विद्यापीठाला तुमच्या विम्याची सूचना थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवते आणि ती पोचल्याशिवाय नावनोंदणी पूर्ण होत नाही. सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे सप्टेंबरात पोचणार असाल तर मधल्या दिवसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच.

व्हिसावरची शेवटची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. राहण्याच्या परवान्याचा अर्ज ती उलटण्याआधी गेला पाहिजे. वेळेत अर्ज केलात आणि परवाना हातात यायला उशीर लागला, तरी तुमचा मुक्काम कायदेशीर राहतो आणि त्याचा दाखला म्हणून फिक्सिओन्सबेशायनिगुंग मिळतं. त्या कागदावर तीन चौकटी असतात. तिसरीवर, म्हणजे कलम ८१ पोटकलम ४ वर खूण असेल तर भारतात येऊन परत जाता येतं. दिवाळीचं तिकीट काढण्याआधी ती खूण बघा.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंटचा वर्षाचे ११,९०४ म्हणजे महिन्याचे ९९२ हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. आखेनला वार्म भाडं ४०० ते ४५०, विमा १४५च्या आसपास, घरी स्वयंपाक केलात तर किराणा १८० ते २००, फोन १० ते १५, सत्र शुल्क महिन्यावर वाटलं तर ५०च्या आसपास. प्रसारण शुल्क दर घरामागे महिना १८.३६ युरो आहे, डब्ल्यूजीत ते सगळ्यांत वाटलं जातं. त्याचं पत्र आलं की ‘आमच्याकडे टीव्ही नाही’ म्हणून बाजूला ठेवू नका, टीव्ही नसला तरी भरावंच लागतं. थोडक्यात महिना भागतो. म्युनिकला एका खोलीचेच ८०० जातात, तिथे भागलं नसतं. आखेन ज्या जर्मन राज्यात आहे तिथे शिक्षण शुल्कही नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात.

अडचण येते ती पहिल्या महिन्यात. अनामत हजाराच्या घरात, पहिलं भाडं, सत्र शुल्क, परवान्याचे १००, गादी-भांडी, हे सगळं एकदम येतं. आणि ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता जर्मन खातं उघडून ते जोडेपर्यंत हातात पडत नाही. त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंटच्या वर २,००० ते २,५०० युरो वेगळे ठेवा. घरून पाठवायचे असतील तर एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापला जातो. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेला तो लागत नाही. पैसे ज्यांच्या पॅनवर गेले त्यांनी आयकर विवरणपत्रात तो वळता करून घ्यायचा.

कामाबद्दल दोन वेगळे नियम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला परवान्याचा: मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. चार तासांपर्यंतचं काम अर्धा दिवस धरलं जातं. हिशेब आठवड्यावरही करता येतो: व्याख्यानं चालू असताना २० तासांपर्यंतचा आठवडा म्हणजे अडीच दिवस, आणि सुट्टीत कितीही तास केले तरी आठवड्याचे अडीचच. म्हणजे वर्षभर आठवड्याला २० तास केले तरी १३० दिवस होतात, मर्यादेत बसतात. दुसरा नियम सामाजिक विम्याचा: सत्र चालू असताना २० तासांच्या वर गेलात तर विद्यार्थी म्हणून मिळणारी विम्याची सवलत जाते. विद्यापीठातली सहायकाची कामं पहिल्या हिशेबात मोजली जात नाहीत, म्हणून आधी विभागाच्या फलकावर आणि प्राध्यापकांच्या पानांवर बघा. किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो आहे. कर क्रमांक न देता काम सुरू केलंत तर मालक सर्वांत जास्त कपातीच्या सहाव्या वर्गात कर कापतो. आणि ‘तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिल द्या’ असं सांगणारं डिलिव्हरीचं काम घेऊ नका. वेगळ्या परवानगीशिवाय स्वयंरोजगार तुम्हाला चालत नाही.

माझं स्पष्ट मत: पहिल्या सत्रात काम धरू नका. पैशाची अगदीच निकड असेल तर आठवड्याला आठ-दहा तास, त्याहून जास्त नको. त्याचं कारण परीक्षा.

आपल्याकडे इंटर्नलचे गुण असतात, राहिलेला विषय एटीकेटीवर पुढे नेता येतो. जर्मनीत बहुतेक विषयांचा पूर्ण निकाल शेवटच्या एका परीक्षेवर असतो. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. आणि एका विषयाचे प्रयत्न बहुतेक ठिकाणी तीनच. तिसऱ्यांदा नापास झालात तर विद्यापीठातून नाव कमी होतं, तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा घेता येत नाही, आणि शिक्षणावर मिळालेला परवानाही धोक्यात येतो. व्याख्यानाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी असते, तिची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, आणि नाव मागे घ्यायचीही शेवटची तारीख असते. तयारी नसेल तर त्या तारखेआधी नाव काढा. नाव ठेवून गैरहजर राहिलात तर एक प्रयत्न गेला. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्या आणि परीक्षा कार्यालयाच्या मुदतीत पोचवा, नंतरचा दाखला चालत नाही.

एका सत्राला ३० क्रेडिट अपेक्षित असतात. पहिल्या सत्रात तीन-चार विषय धरा आणि ते चांगले करा. विद्यार्थ्यांच्या फाखशाफ्ट नावाच्या समितीकडे जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, डिसेंबरपासून त्या वेळ लावून सोडवायला घ्या. निकालानंतर आपली उत्तरपत्रिका बघण्याचा एक दिवस असतो, आइनझिश्ट. नापास झालात तर तो चुकवू नका. गुण कुठे गेले ते कळल्याशिवाय दुसरा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

सामानात घरचं तूप, पेढे, खवा नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मसाले, भाजणी, पोहे, चिवडा खुशाल न्या. कुकर सपाट बुडाचा आणि इंडक्शनवर चालणारा घ्या. वसतिगृहात फोडणी देताना खिडकी उघडी आणि दार बंद ठेवा. धुराचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असला तर गाडी आल्याचं बिल तुमच्याकडे येऊ शकतं.

एखादी जाहिरात किंवा करारातलं कलम खटकलं तर नाव आणि फोन झाकून इथे टाका, बघून सांगतो.